ब्राह्मी : एक नाव, दोन वनस्पती

प्राचीन वैद्यकग्रंथांचा अनुवाद करताना ‘ब्राह्मी’ हा शब्द आपण सहसा न अडखळता ओलांडतो. बुद्धी व स्मरणशक्ती वाढविणारी वनस्पती, एवढा अर्थ पुरेसा वाटतो. परंतु ही वनस्पती नेमकी कोणती, हा प्रश्न बंगळूरसारख्या बहुभाषिक नगरात लगेच उभा राहतो. तेथील मराठी कुटुंब ब्राह्मी म्हणून ज्या गोलसर पानांच्या वेलीची जुडी घरी आणते, तिला कन्नड भाषेत ‘ओंदेलग’ म्हणतात. ती वाटून ताकात कालवून ‘तंबुळी’ करण्याचा प्रघात कर्नाटकात आहे. त्याच नगरातील केरळीय शेजारी मात्र ब्राह्मी म्हणून दलदलीत पसरणाऱ्या, लहान मांसल पानांच्या निराळ्याच वनस्पतीकडे बोट दाखवील.

यांपैकी पहिली सेंटेला एशियाटिका ही होय. ती कोथिंबिरीच्या कुळातील असून मराठीत तिला ‘कारिवणा’ असेही नाव आहे. दुसरी बाकोपा मोनिएरी, म्हणजे आपली नीरब्राह्मी. संस्कृत ग्रंथकारांनी हा घोटाळा केलेला नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात मंडूकपर्णी व ब्राह्मी यांचे प्रयोग स्वतंत्रपणे सांगितले आहेत. चरकाने मेध्य रसायनांत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चार द्रव्ये गणली. आज मंडूकपर्णी म्हणजे कारिवणा व ब्राह्मी म्हणजे नीरब्राह्मी असे सामान्यतः मानले जाते. लोकव्यवहारात मात्र एकीचे नाव दुसरीला चिकटले.

नावाचा हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के असते. पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनापैकी सुमारे 20 टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. या व्यापारात मुक्त मूलके निर्माण होतात आणि मेंदूतील स्निग्ध द्रव्यांना ती अपाय करू शकतात. त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्ये म्हणजे प्रतिऑक्सिडीकारके. ती दोन्ही वनस्पतींत आढळतात. परंतु त्यांची विशेष रासायनिक द्रव्ये भिन्न आहेत. नीरब्राह्मीतील बॅकोसाइडांचा शोध लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत 1960 च्या दशकात लागला. कारिवण्यात एशियाटिकोसाइड असते. शिवाय परीक्षानळीत दिसणारा गुण पचन, शोषण व रक्तप्रवाह ओलांडून मेंदूत तसाच प्रकटेल, असे मानता येत नाही. म्हणून प्रत्यक्ष माणसांवरील प्रयोगांना महत्त्व आहे.

ऑस्ट्रेलियात नीरब्राह्मीच्या अर्कावर असे दोन प्रयोग झाले. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी व्यक्तींना रोज 300 मिलिग्रॅम अर्क देण्यात आला. 12 आठवड्यांनंतर शिकण्याचा वेग सुधारल्याचे व चिंता काहीशी कमी झाल्याचे आढळले. 2002 मधील प्रयोगात नव्याने शिकलेले विसरण्याचे प्रमाण घटले. चिंतेवर मात्र परिणाम दिसला नाही. म्हणजे स्मृतीविषयीचा पुरावा आशादायक आहे, मनःस्थितीविषयीचा अनिश्चित आहे, आणि दोन्ही नीरब्राह्मीपुरतेच आहेत. ओंदेलगाच्या तंबुळीला तो लागू करणे म्हणजे एका ग्रंथाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर मांडणे होय.

‘मेध्य’ या शब्दाचा अनुवादही असाच जपून करावा लागतो. मेधा म्हणजे ग्रहण व धारणा यांची शक्ती. स्मृती म्हणजे अनुभविलेल्याचे पुन्हा आठवणे. चरकाने धी, धृती व स्मृती यांना वेगळे स्थान दिले आणि त्यांच्या भ्रंशातून घडणाऱ्या दुष्कृत्याला प्रज्ञापराध म्हटले. त्याच्या या विचाराला ‘स्मरणशक्तीचे औषध’ हे भाषांतर अपुरे पडते.

बंगळूर येथे 1993 मध्ये स्थापन झालेल्या लोकस्वास्थ्य परंपरा संवर्धन प्रतिष्ठानाने औषधी वनस्पतींच्या विविध भारतीय भाषांतील नावांचे संकलन केले आहे. वनस्पतिशास्त्रज्ञाइतकेच ते अनुवादकाच्याही उपयोगाचे आहे. मूळ ग्रंथात ब्राह्मी आली, की ती कोणत्या प्रदेशाची व कोणत्या परंपरेची, याची एक टीप अनुवादकाने अवश्य द्यावी. ती टीप नसेल तर वाचकाच्या हाती शब्द जुना आणि वनस्पती भलतीच पडण्याचा धोका राहतो.