खाण तशी माती, पण मशागत आपली

एखादे पोर अंगाने सुटले की शेजारी म्हणतात, “दिवसभर चरतंय, होईल काय दुसरं!” आई म्हणते, “आमचं घराणंच तसं.” खरे कुणाचे?

बोरीकडच्या शेतकऱ्याला हे कोडे अवघड नाही. ज्वारीचा दाणा कसा येणार, हे बियाण्यात असते. पण तेच बियाणे काळ्या जमिनीत टाका आणि मुरमाड माळावर टाका. पीक सारखे येईल काय? देहाचेही असेच आहे.

आधी बियाण्याचे पाहू. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० माणसांची पाहणी १९८६ साली प्रसिद्ध झाली. त्यांची अंगलट जन्मदात्या आईबापांशी जुळली. ज्यांच्या घरी जेवून ती वाढली, त्यांच्याशी जुळली नाही. पुढे २००७ साली ‘एफटीओ’ नावाच्या जनुकाचा वजनाशी संबंध आढळला. जनुक म्हणजे आईबापांकडून येणारा गुणांचा कण. याचा एक प्रकार दोघांकडूनही आला, तर पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. म्हणजे ज्याला आपण हावरट म्हणतो, त्याची भूकच मोठी असू शकते. मात्र या जनुकाने युरोपातील माणसांत वाढणारे वजन सरासरी तीनच किलो! तेव्हा सारे काही नशिबावर टाकू नये.

आता जमिनीचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळे किडकिडीत खरी. पण उणीव होती ती मांसाची, चरबी त्या मानाने टिकून होती. अशी अंगलट पुढे मधुमेहाला जवळची. म्हणून बारीक तो निरोगी, असेही समजू नका. ज्या मातांच्या जेवणात पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली. गरोदर सुनेचे ताट आधी वाढा, ते यासाठी.

आणि गुरुजी, बाई, तुम्हांला एक विनंती. वर्गात वजने घ्याल तेव्हा आकडा मोठ्याने वाचू नका. ‘ढोल्या’, ‘काडी’ ही नावे पडू देऊ नका. टोमण्याने जनुक बदलत नाही. पोर मात्र डबा परत नेऊ लागते. जेवण तोडण्याचा आजारही काही अंशी रक्तातून येतो, आणि चेष्टा त्याला निमित्त होऊ शकते. मूल जेवण टाळून वाळू लागले, तर रागावू नका, दवाखान्यात दाखवा.

बियाणे आपल्या हाती नाही. मशागत आहे.