खर्र्यातला चुना आणि प्रोटॉनची ओढाताण

जिवतीच्या पहाडाच्या पोटात चुनखडक आहे. कुसुंबीच्या खाणीतला हा दगड पायथ्याच्या गडचांदूरला सिमेंट कारखान्यात जातो. दगड चुन्याचाच आहे ना, हे पाहायची भूशास्त्रज्ञांची जुनी रीत सोपी: त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसला तर चुनखडक.

या फसफसण्याचा अर्थ 1923 मध्ये कोपनहेगनचे ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजचे लॉरी यांनी, एकमेकांशी न बोलता, एकाच तऱ्हेने लावला. प्रोटॉन देतं ते आम्ल, घेते ती आम्लारी. आम्लाने प्रोटॉन दिला की मागे जे उरतं ते तो परत घेऊ शकतं, म्हणजे तेही आम्लारीच. ही झाली संयुग्मी जोडी. हायड्रोक्लोरिक आम्ल प्रोटॉन सहज सोडून देतं, आणि म्हणूनच उरलेल्या क्लोराइडला तो परत घेण्याची जवळपास ओढच नसते. दगडातलं कार्बोनेट मात्र एक प्रोटॉन घेऊन बायकार्बोनेट होतं, दुसरा घेऊन कार्बोनिक आम्ल. तेही टिकत नाही, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बुडबुड्यांतून निसटतं.

इथे एक घोळ होतो. ‘दुबळ्या आम्लाची जोडीदार आम्लारी बलवान’ असं वाक्य विद्यार्थी सर्रास पाठ करतात. ते चुकीचं आहे. 25 अंश सेल्सिअसच्या पाण्यात आम्लाचा पीकेए आणि जोडीदाराचा पीकेबी यांची बेरीज 14 येते, आणि आकडा जितका लहान तितकं बळ जास्त. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचा पीकेए 4.76, म्हणजे ॲसेटेटचा पीकेबी 9.24. आम्ल दुबळं, जोडीदारही दुबळाच. फक्त क्लोराइडपेक्षा बराच बरा. एक चढला की दुसरा उतरतो, एवढंच खरं.

चुनखडक साधारण 900 अंशांवर भाजला की कळीचा चुना होतो. त्यात पाणी घातलं की तो तापून उकळतो आणि खाण्याचा, भिंतीला लावायचा चुना तयार. त्यातल्या हायड्रॉक्साइडचा जोडीदार आहे साधं पाणी. पाणी हे अतिशय क्षीण आम्ल, म्हणून हायड्रॉक्साइड जबर आम्लारी.

तिचा हा जोर चंद्रपूर-गडचिरोलीत खर्र्यात कामाला येतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात. तंबाखूच्या पानातलं बरंचसं निकोटिन प्रोटॉन धरून, विद्युतभारित रूपात असतं आणि तोंडाच्या अस्तरातून सहज आत जात नाही. चुना तो प्रोटॉन हिसकावतो. प्रोटॉनधारी निकोटिनचा पीकेए सुमारे 8 आहे. त्यामुळे सामू 6 असताना शंभरातला जेमतेम एक रेणू मोकळा असतो, सामू 9 झाला की नव्वदहून जास्त. मोकळं निकोटिन गालातून झपाट्याने रक्तात उतरतं. तलफ लागते ती याच वेगामुळे. शिवाय चुना अस्तर भाजतो, ते वेगळंच.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने 2016 पासून ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम चालतो. तंबाखू सोडवायला डॉक्टर कधी निकोटिनचा चघळगोंद देतात. त्यातही निकोटिन मोकळं राहावं म्हणून कार्बोनेट घातलेलं असतं, आणि कॉफी किंवा कोल्ड्रिंक पिऊन लगेच तो चघळू नका, असं बजावलेलं असतं: पेयातलं आम्ल निकोटिनला प्रोटॉन परत देऊन टाकतं आणि गोंदाचा उपयोग कमी होतो.