होडीवरचा एरियल : डिजिटल रेडिओ घेण्याआधी आणि बसवण्याआधी

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, मग होडीवरच्या रेडिओचा विषय या पानावर कशाला, असे वाचक विचारतील. पण पूर्णेवरची येलदरी व सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरचे इसापूर ही धरणे आपल्या उशापायथ्याशीच आहेत. त्यांच्या जलाशयांत मासेमारी चालते आणि पाण्यावर गेलेल्या माणसाला हवामानाची खबर मिळणे हा जिवाचा प्रश्न असतो. शिवाय रेडिओ, टीव्ही आणि डिश बसवणारे कारागीर हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या बाजारात आहेतच. घराच्या गच्चीवर चालणारा हात होडीवरही चालू शकतो. मात्र काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. त्या गोष्टी आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

सेटपेक्षा एरियल महत्त्वाचा

जुना रेडिओ कमजोर लहरींवर खरखरत का होईना, पण बोलत असे. खरखर वाढली की ऐकणारा सावध होई, सेट फिरवून पाही. डिजिटल रेडिओचे तसे नाही. लहर पुरेशी असेल तोवर आवाज अगदी स्वच्छ, आणि ती एका मर्यादेच्या खाली गेली की आवाज तुटतो व लगेच शांतता. आधी इशारा मिळत नाही. म्हणून गिऱ्हाइकाने भारी सेट घेऊन एरियलवर काटकसर केली, तर नेमक्या वाऱ्यावादळाच्या वेळी सेट मुका होण्याची भीती राहते. हीच गोष्ट दुकानदाराने गिऱ्हाइकाला सर्वांत आधी समजावली पाहिजे.

कोणता डिजिटल रेडिओ?

'डिजिटल' हा शब्द पाहून सेट घेऊ नये. युरोपात डॅब नावाची पद्धत चालते. नॉर्वेने तर २०१७ मध्ये आपले राष्ट्रीय एफएम प्रसारण बंद करून डॅब स्वीकारले. भारताचा मार्ग निराळा आहे. आकाशवाणीने डीआरएम ही पद्धत घेतली आणि देशातील तीसहून अधिक मध्यम लहरी केंद्रांवर तिची यंत्रे बसवली. म्हणजे विलायतेहून एखाद्या नातेवाइकाने आणलेला डॅब सेट येथे डिजिटल म्हणून वाजणार नाही. त्यात एफएम असेल तर तेवढेच ऐकू येईल. सेटवर डीआरएम लिहिले आहे का ते पाहावे, बाहेरचा एरियल जोडण्याची खाच आहे का ते पाहावे, आणि पैसे देण्याआधी आपल्या गावी दिवसा व रात्री दोन्ही वेळा ऐकून पाहावे. मध्यम लहरी रात्री दूरवर जातात. रात्री ऐकू आलेले केंद्र दुपारी मिळेलच असे नाही.

लांबीचे गणित

एरियलची लांबी अंदाजाने ठरत नाही. ७५ या आकड्याला मेगाहर्ट्झने भागले की पाव लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. त्यातून सुमारे पाच टक्के कमी करावे. नांदेड आकाशवाणीचे एफएम केंद्र १०१.१ मेगाहर्ट्झवर आहे. त्यासाठी हिशेब ७४ सेंटिमीटर येतो, प्रत्यक्षात सळई ७० सेंटिमीटरची ठेवावी. समुद्रावरच्या वायरलेसचे संकटकाळचे १६ नंबरचे चॅनेल १५६.८ मेगाहर्ट्झवर असते. तेथे सळई ४५ सेंटिमीटरच्या आसपास येते.

मध्यम लहरींचे मात्र हे गणित होडीवर बसत नाही. परभणी केंद्राच्या १३०५ किलोहर्ट्झला पाव लहर ५७ मीटरची होते. एवढा खांब कोण उभारणार? म्हणून अशा सेटमध्ये फेराइटची कांडी असते. ती दिशेप्रमाणे काम करते, तेव्हा आधी सेट फिरवून पाहावा. बाहेरच्या एरियलची सोय असेल तर बांबूवरून दहा-बारा फूट तांब्याची वेष्टित तार ताणली तरी फरक पडतो.

होडी कशाची आहे?

मोटारीच्या टपावरचा चुंबकाचा एरियल स्वस्त मिळतो, पण तो होडीवर चालेल असे समजू नये. चुंबक लोखंडालाच चिकटतो, हे तर झालेच. त्याहून मोठी अडचण अशी की पाव लहरीच्या सळईला खाली धातूचा पत्रा लागतो. मोटारीचा टप ते काम करतो. लाकडी होडी, फायबरची होडी किंवा थर्माकोलचा तराफा यांत तो पत्राच नसतो. तेथे अर्ध्या लहरीचा, खाली पत्रा न लागणारा एरियल घ्यावा. लोखंडी होडीवर पाव लहरीचा चालतो.

बोलण्याच्या सेटला एरियल घेताना ३ डीबी, ६ डीबी, ९ डीबी असे आकडे दिसतात. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, असा समज आहे. एरियल स्वतः ताकद निर्माण करत नाही. बॅटरीचा झोत अरुंद केल्यासारखी ती एका पट्ट्यात गोळा करतो. लहान होडी हेलकावे खाते तेव्हा तो अरुंद पट्टा कधी पाण्यात तर कधी आभाळात जातो. लहान होडीला ३ डीबी, मोठ्या स्थिर नौकेला ६ डीबी, हा सर्वसाधारण नियम.

उंची, तार आणि सांधे

या लहरी जवळपास सरळ जातात. दोन होड्यांवर एरियल पाण्यापासून एक-एक मीटर उंच असतील तर त्यांची नजर साधारण ८ किलोमीटरपर्यंत पोहोचते. चार-चार मीटर उंच केले तर १६ किलोमीटरपर्यंत. उंचीचा असा फायदा आहे. एरियल उभा, मोकळा आणि लोखंडी वस्तूंपासून दूर ठेवावा.

बोलण्याच्या सेटला ५० ओहमची तार लागते. डिशची ७५ ओहमची तार तेथे जोडू नये. नुसते ऐकण्यासाठी ती चालते. बारीक आरजी ५८ तारेत या लहरींची सुमारे निम्मी शक्ती पंधरा मीटरमध्ये वाया जाते. तेव्हा तार एकसंध आणि गरजेपुरतीच ठेवावी. जास्त लांबी असेल तर जाड आरजी २१३ वापरावी. मधे जोड देऊ नये. पाणी तारेवरून ओघळून सेटमध्ये जाऊ नये म्हणून आत शिरण्याआधी तारेला खाली एक झोळ द्यावा. बाहेरचा सांधा नीट सोल्डर करून त्यावर आधी स्वतःत चिकटणारी रबरी पट्टी आणि वरून साधी टेप गुंडाळावी. होडीवरचे बहुतेक एरियल मोडून नव्हे, तर सांध्यात पाणी शिरून निकामी होतात.

बॅटरीच्या तारा आणि एरियलची तार एकत्र बांधू नये. इंजिनाचा डायनामो, इन्व्हर्टर, स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर मध्यम लहरींत मोठी घरघर करतात. काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून आणि मग चालू करून, दोन्ही वेळा रेडिओ ऐकावा. इंजिन सुरू होताच आवाज तुटत असेल तर दोष एरियलचा नाही, गडबड विजेच्या तारांत आहे. तारेवर फेराइटचे कडे चढवून किंवा तार हलवून तो काढता येतो. बूस्टर लावणे हा उपाय नव्हे. तो लहरीबरोबर घरघरही मोठी करतो.

परवाना आणि वीज

ऐकण्याच्या रेडिओला आता परवाना लागत नाही. बोलण्याचा वायरलेस सेट मात्र दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय वापरता येत नाही, आणि समुद्राची चॅनेले धरणावर वापरायची नसतात. गिऱ्हाईक मोबाईलचा सिग्नल बूस्टर मागेल. तोही परवान्याशिवाय विकणे आणि बसवणे बेकायदा आहे. अशा कमाईपासून दूर राहावे. तसेच एरियल न जोडता बोलण्याचे बटण दाबू नये, सेट जळतो.

मराठवाड्यात पावसाळ्याआधी विजा पडून माणसे व जनावरे मरतात. मोकळ्या पाण्यावर होडीतला माणूस हाच सर्वांत उंच असतो. त्यात आपण सळई उभी करतो. गडगडाट कानी पडला की सळई आडवी करावी, तार सोडवावी आणि काठ गाठावा. म्हणून बुडाशी मुडपणारा एरियलच गिऱ्हाइकाला द्यावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे मोबाईल ॲप विजेची सूचना देते. तेही होडीवाल्याच्या फोनमध्ये घालून द्यावे.

किनाऱ्यावरचे काम

या विद्येची मोठी बाजारपेठ कोकणात आहे. फयान (२००९), निसर्ग (२०२०) आणि तौक्ते (२०२१) या वादळांनी खबर वेळेवर पोहोचण्याचे मोल तेथे दाखवून दिले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथून केंद्र सरकारने मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू केली. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चाच्या या योजनेत १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौका आहेत. मोबाईलची रेंज संपते तेथेही उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश जातो. येथे एरियलला क्षितिज नव्हे, तर आभाळ मोकळे दिसावे लागते. त्यावर जाळे, ताडपत्री किंवा पत्रा आला की काम संपले. नौका जितक्या वाढतील तितके सांधे तपासणारे, तारा बदलणारे हात लागतील.

आमच्या तरुण कारागिरांना इतकेच सांगणे आहे की हा धंदा भांडवलाचा कमी आणि सचोटीचा जास्त आहे. होडीवाला तुमचा सांधा उघडून पाहणार नाही. त्याला तो कच्चा आहे हे कळेल तेव्हा तो काठापासून दूर असेल. बिलावर तारेची जात आणि लांबी लिहून द्या, आणि पावसाळा संपला की एकदा स्वतः जाऊन सांधा तपासा.