गंगेचा शिशुमार

ज्येष्ठ शुद्ध दशमीस गंगादशहराची समाप्ती होते. दक्षिणकाशी म्हणून ख्यात असलेल्या आमच्या प्रकाशा क्षेत्री, तापी-गोमाईच्या संगमावर, भाविक तापीतच गंगेचे आवाहन करून स्नान करतात. गंगा मकरवाहिनी. हा मकर म्हणजे गंगेतील डॉल्फिन, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. प्रस्तुत लेखकास ते तितके सरळ वाटत नाही. अमरकोशात शिशुमार व मकर ही जलचरांची नावे वेगवेगळी दिली आहेत. आणि डॉल्फिन तो शिशुमार. ‘बालकांस मारणारा’ हा त्या नावाचा रूढ विग्रह मात्र या निरुपद्रवी जिवावर अन्यायच करतो. भागवताच्या पंचम स्कंधात तर सारे ज्योतिश्चक्र शिशुमाराच्या आकृतीत कल्पून ध्रुवास त्याच्या पुच्छाग्री बसविले आहे.

लोकभाषेत हा सूंस. तो मासा नव्हे. पिलास दूध पाजणारा, श्वासासाठी वारंवार वर येणारा प्राणी. डोळ्यांत भिंगच नसल्याने तो जवळजवळ अंध. गढूळ पाण्यात ध्वनी सोडायचा, प्रतिध्वनी ऐकायचा आणि भक्ष्य हेरायचे, हा त्याचा मार्ग. मादीस दोन-तीन वर्षांनी एकच पिलू होते; त्यामुळे जाळ्यात गुदमरून मेलेल्या एका मादीची उणीव लवकर भरून येत नाही. तेलासाठीही त्याची हत्या होत आली. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातील अवध्य प्राण्यांत ‘गंगापुपुटक’ आहे. तो हाच, असे अनेक विद्वान मानतात. आपल्या काळी १९७२ च्या कायद्याने त्यास संरक्षण मिळाले, २००९ साली राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत भारतातील नद्यांत ६,३२७ डॉल्फिन भरले. त्यांतील तीन बियास नदीतील सिंधू जातीचे.

पण कायदा नदीत पाणी आणू शकत नाही. सूंसाला खोल डोह हवेत आणि ते जोडणारा प्रवाह हवा. १९७५ पासून फरक्का बंधाऱ्याने वरचे व खालचे सूंस एकमेकांपासून तोडले. तापीत सूंस नाही; परंतु प्रकाशाजवळ तिच्यावरही बॅरेज आहे, आणि अडलेली नदी कशी दिसते हे आम्ही रोज पाहतो. शेतकऱ्यास पाणी हवे, हे कोण नाकारील?

काशीयात्रेहून पुढे वैद्यनाथधामास जाणारे सुलतानगंजला उत्तरवाहिनी गंगेचे जल भरतात. तेथपासून कहलगावपर्यंत १९९१ साली घोषित झालेले विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य आहे. कावड भरताना क्षणभर थांबावे. पाण्याबाहेर लांब चोच निघते, ‘सूं’ असा उच्छ्वास ऐकू येतो, आणि प्राणी दिसेनासा होतो.