दुखत नाही, म्हणून आलो नाही

सकाळी साडेनऊ. दवाखाना उघडायच्या आधीच बाकावर दोघंतिघं बसलेली असतात, पावस-लांज्याहून पहिल्या एसटीने आलेली. जूनचा पहिला आठवडा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे मिरकरवाड्याची माणसं वर्षभराची दुखणी आता घेऊन येतात.

पहिला कॉलेजातला पोरगा. ओठाच्या आत पांढुरका फोड, भोवती लाल कडा. तिखटाने डोळ्यांत पाणी. तोंड आलंय, एवढंच. आठ-दहा दिवसांत आपोआप जाईल. पुन्हा पुन्हा आलं, तर रक्तातलं लोह आणि बी-१२ बघू.

साडेदहा. आजींची नवी कवळी चावतेय. काठ रुततो तिथे हिरडी सोललेली. काठ घासून दिला, कारण हे काम घरी कानशीने करून कवळी वाया घालवलेलेही पाहिलेत. "रात्री काढून पाण्यात ठेवता ना?" "काढली की नातू घाबरतो हो."

साडेअकरा. हिरडीवर पुळी, दाबली की पू. "मागे दाढ ठणकायची, आता बरी आहे." बरी कसली, नस मेली, पुवाला वाट मिळाली म्हणून ठणका थांबला. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली. रूट कॅनल, नाहीतर दाढ काढणं. शेजारची हिरडी पांढरी पडली होती: दुखायची तेव्हा गोळी गिळायची सोडून कुटून तिथेच दाबली होती! गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर मात्र त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचं.

दुपारी जेवण, थोडी डुलकी.

चार. एक तांडेल, बायकोने ओढून आणलेला. डाव्या गालफडात तंबाखू-चुन्याची कायमची जागा. तिथे पांढरी, सुरकुतलेली कातडी आणि मधोमध लाल चट्टा. बोट फिरवलं तर कडा कडक लागली.

"कधीपासून?"

"शिमग्यापासून. दुखत नाही, म्हणून आलो नाही."

हे वाक्य मला पुवापेक्षा जास्त घाबरवतं. तोंडातली कुठलीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती दुखो न दुखो, दाखवायची. इथे तर तीन महिने झालेत, वाट बघण्यात अर्थ नाही. मानेतल्या गाठी चाचपल्या, बायॉप्सीचं बोललो.

"सुरी लागली की पसरतो म्हणतात."

पसरत नाही. जागा बधिर करून छोटासा तुकडा काढायचा, फॉर्मलीनमध्ये तपासायला पाठवायचा. रिपोर्ट वाईट आला तर डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, मुंबईला टाटा आहे. लवकर सापडलं तर बरं होण्याची आशा पुष्कळ. त्याने बायकोकडे पाहिलं. "आजच करा," ती म्हणाली. केली.

सहा. पाचव्या महिन्यातली सून, सासूसोबत. दोन दातांमध्ये लालबुंद गाठ, ब्रश लागला की रक्त. गरोदरपणात होतं असं. दात साफ करून दिले. बाळंतपणानंतर ती बहुधा ओसरते.

सासूबाईंच्या हिरड्या काळ्या दिसल्या. मशेरी.

"बसा जरा खुर्चीत."

"मी कुठे दाखवायला आलेय?"

सुनेने पर्स घेतली हातातली. खालच्या हिरडीवर मागे पांढरा डाग, मऊ, कडा साधी. मशेरी बंद करायची आणि दोन आठवड्यांनी यायचं, सुनेच्याच तारखेला. डाग तसाच असेल, तर हिचीही बायॉप्सी. तारीख मी सुनेच्या कार्डावर लिहिली. सासूच्या हाती दिलेलं कार्ड हरवलं असतं.