शेजारचा प्रश्नकर्ता

पीएच.डी.साठी नाव नोंदविलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने मागील अभ्यासवर्गात आपला निबंध वाचला. टाळ्या झाल्या, पुष्पगुच्छ दिला, चहा झाला. प्रश्न मात्र एकानेही विचारला नाही. जाताना तो म्हणाला, "सर, माझं कुठं चुकतंय ते आता कोण सांगणार?" त्याचा हा प्रश्न आम्हाला लागला. म्हणून परदेशातील एक पद्धत येथे सांगतो.

अमेरिकेतील केंब्रिज शहरात हार्वर्ड (स्थापना १६३६) व एम.आय.टी. (स्थापना १८६१) ही विद्यापीठे शेजारी आहेत. भुयारी रेल्वेने दोन स्टेशनांचे अंतर. दोन्हीकडे तत्त्वज्ञान शिकवितात, परंतु वळण निराळे. एम.आय.टी.त भाषाशास्त्र व तत्त्वज्ञान यांचा विभागच एक, त्यामुळे नीतीवरील निबंधालाही तेथे शब्दार्थाचा चिमटा बसतो! विभागात दरसाल मोजकेच नवे संशोधक विद्यार्थी येतात. थोड्याच दिवसांत एकमेकांचे मुद्दे पाठ होतात आणि सवयीने मान डोलू लागते. अशा वेळी शेजारचा माणूस उपयोगी पडतो.

हे दोन्हीकडचे विद्यार्थी मिळून तत्त्वज्ञानाची परिषद भरवितात. इतर विद्यापीठांतील विद्यार्थ्यांकडूनही निबंध मागवितात. निबंधावर लेखकाचे नाव किंवा विद्यापीठ लिहायचे नसते. निवड करणाऱ्यापुढे फक्त युक्तिवाद असतो. ज्या समाजात आडनाव वाचताच समोरच्याचा चेहरा बदलतो, तेथील वाचकास या नियमाचे मोल वेगळे सांगावयास नको. निवडलेला निबंध एका स्थानिक विद्यार्थ्याला आधीच वाचावयास देतात. लेखकाचे बोलणे झाले की तो उठतो, निबंधाचे म्हणणे प्रथम आपल्या शब्दांत मांडतो आणि मग कच्चा दुवा दाखवितो. हा क्रम महत्त्वाचा. समजून न घेता केलेली टीका तेथे टिकत नाही. नंतर सभागृहाचे प्रश्न. तत्त्वज्ञानाच्या अशा सभांतून एक गमतीचा रिवाज आढळतो: नवा प्रश्न असेल तर हात वर, चालू प्रश्नालाच धरून विचारायचे असेल तर नुसते बोट वर.

चूक दाखविणे म्हणजे अपमान, ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे. पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरातील मुलाला तर प्रश्न म्हणजे हाकलून देण्याची सुरुवात वाटते, आणि त्यात त्याचा दोष नाही. परंतु बाबासाहेबांचा 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंधही ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला होता. तेव्हा बाबासाहेब पंचवीस वर्षांचे विद्यार्थीच होते. निबंध छापून आला तो पुढील वर्षी, 'इंडियन अँटिक्वेरी'त.

आमच्या त्या विद्यार्थ्याला येत्या अभ्यासवर्गात पुन्हा बोलाविले आहे. निबंध शेजारच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीकडे पंधरा दिवस आधीच पोहोचविला. तिने आतापर्यंत सात ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत.