छातीवर कोण बसते?

मध्यरात्र उलटून गेलेली असते. एकाएकी जाग येते. डोळे उघडे असतात, खोली ओळखीची असते, खुंटीवरचा कोटही दिसत असतो. परंतु हात हलत नाही, हाक मारू म्हटले तर शब्द फुटत नाही, आणि आपल्या छातीवर कोणी तरी चढून बसले आहे अशी खात्री वाटते. क्षण-दोन क्षणांत सारे सरते आणि मनुष्य घामाघूम होऊन उठतो. असा अनुभव एकदा तरी घेतलेले अनेक श्रोते हे भाषण ऐकत असतील. दुःस्वप्नांच्या विस्तृत प्रदेशातील हा सर्वांत भयाण कोपरा होय. म्हणून 'छातीवर कोण बसते?' याच प्रश्नापासून आपण आरंभ करू.

या प्रश्नाला प्रत्येक समाजाने आपापले उत्तर दिले आहे. दुःस्वप्नाला इंग्रजीत 'नाइटमेअर' म्हणतात. त्यातील 'मेअर' म्हणजे घोडी, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो निजलेल्याच्या उरावर बसणाऱ्या एका दुष्ट योनीचे नाव असलेला प्राचीन शब्द आहे. जर्मन लोक तिला 'आल्प' म्हणत. आपल्या बंगाली बांधवांच्या मते तेथे 'बोबा' धरतो. बोबा म्हणजे मुका; ज्याला धरले त्याची वाचा जाते, म्हणून हे नाव. कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटावर हेच काम एक थेरडी करते. डेव्हिड हफर्ड या अमेरिकन लोकसाहित्य-संशोधकाने या थेरडीच्या कथांचा अभ्यास करून १९८२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यांनी ती कथा कधीच ऐकली नव्हती, त्यांनाही अगदी तोच अनुभव येतो, असे त्यांना आढळले. म्हणजे कथा ऐकून मनुष्य घाबरतो एवढेच खरे नव्हे. अनुभव आधी येतो, आणि त्याला नाव देण्यासाठी कथा मागाहून धावून येते.

महाराष्ट्रात ही नावे विपुल आहेत. पिंपळावर मुंजा असतो, विहिरीकाठी हडळ असते, जुन्या वाड्यात समंध असतो, कोकणात आणि गोव्यात देवचार असतो. यांची कुळकथा पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वीच जो गेला तो बटू. हडळ म्हणजे बाळंतपणात दगावलेली स्त्री. समंध म्हणजे वासना अपुरी ठेवून गेलेला ब्राह्मण. आपली भुते ही बहुधा अशी अर्ध्यावर तुटलेली आयुष्ये आहेत. समाजाच्या मनाला ज्या मृत्यूंचा सल राहिला, त्यांना त्याने रात्री भेटण्याची मुभा दिली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. मी सध्या चंदीगडास असतो. इकडे पंजाबी घरांत मुंजा नाही. पण घरातील कोणी झोपेत दचकू लागला, की 'ओपरी कसर', म्हणजे बाहेरची बाधा, हे शब्द कानी पडतात. उशाखाली लोखंडाची वस्तू ठेवण्याचा उपाय मात्र दोन्हीकडे सारखाच! आपल्याकडे त्याच्या जोडीला रामरक्षा असते. त्या स्तोत्रातच असे सांगितले आहे, की ते भगवान शंकरांनी बुधकौशिक ऋषींना स्वप्नात सांगितले आणि त्यांनी सकाळी उठून लिहून काढले. वाईट स्वप्नावरचा उपाय स्वप्नातूनच यावा, ही कल्पना मोठी मनोज्ञ आहे.

आपल्या प्राचीनांनी मात्र केवळ भुताखेतांवर हा विषय सोडला नव्हता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आणि अथर्ववेदात दुःस्वप्ने दूर करण्याची सूक्ते आहेत हे खरे. परंतु चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत ते पाहावेत. पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले आणि कल्पिलेले या पाच गोष्टींतून उद्भवणारी स्वप्ने निष्फळ होत, असा तेथे निर्वाळा आहे. सहावा प्रकार भावी घटना सुचविणाऱ्या स्वप्नांचा आणि सातवा शरीरातील दोषांमुळे पडणाऱ्या स्वप्नांचा. बृहदारण्यक उपनिषद तर याहून पुढे जाते. आपल्याला कोणी मारीत आहे, हत्ती पाठलाग करीत आहे, आपण खड्ड्यात पडत आहोत, ही स्वप्ने याज्ञवल्क्य जनकासमोर वर्णन करतात आणि सांगतात, की जागेपणी जे भय मनुष्य पाहतो तेच अविद्येमुळे तो तेथे खरे मानतो. इतक्या प्राचीन काळी कोणा पिशाच्चाकडे बोट न दाखविता भयाचा उगम पाहणाऱ्याच्याच ठायी दाखविला गेला, याचे कौतुक वाटते.

आधुनिक शास्त्राला या विषयाचा धागा सापडला तो १९५३ साली. शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले, की झोपेत काही काळ मिटल्या पापण्यांआड डोळ्यांची जलद हालचाल चालू असते, आणि त्या वेळी उठविलेला मनुष्य बहुधा स्वप्न सांगतो. ही अवस्था साधारणपणे दर दीड तासाने येते आणि उत्तररात्री अधिक लांबते. पुढे फ्रान्समधील लियाँ येथे मिशेल झूव्हे यांनी मांजरांवर प्रयोग करून सिद्ध केले, की या अवस्थेत मेंदू शरीराचे स्नायू जणू कुलूपबंद करतो. ही निसर्गाची दक्षता आहे. नाही तर स्वप्नात पळणारा मनुष्य खाटेवरून उठून खरोखरच पळू लागला असता. कधी कधी मात्र मनुष्य जागा होतो आणि कुलूप क्षणभर तसेच राहते. श्वास चालू असतो, पण छातीचे स्नायू हवे तसे साथ देत नाहीत, म्हणून ओझे जाणवते. स्वप्नाचा पडदा पुरता उठलेला नसतो, म्हणून कोपऱ्यात कोणी उभे दिसते. छातीवर बसणारे हे आहे!

या ज्ञानाच्या उजेडात आजीबाईंची काही वचने नव्याने समजतात. 'उताणे झोपू नये,' असे वडीलधारी माणसे बजावीत. हा अनुभव उताणे निजलेल्यांना अधिक येतो, हे आता निरीक्षणांनी दिसले आहे. 'पहाटेचे स्वप्न खरे होते,' असे आपण म्हणतो, आणि पुराणांतील स्वप्नाध्यायही शेवटच्या प्रहरातील स्वप्नाचे फळ लवकर मिळते असे सांगतात. ते खरे होते असे नाही. पण पहाटेची स्वप्ने दीर्घ असतात आणि त्यांच्या पाठोपाठच जाग येते, म्हणून तीच लक्षात राहतात. लहान मूल निजल्यावर तास-दोन तासांत किंचाळून उठते आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. तो प्रकार स्वप्नाचा नसून गाढ निद्रेतील अर्धवट जागृतीचा असतो, आणि वाढत्या वयाबरोबर तो बहुधा आपोआप थांबतो. त्या मुलाची दृष्ट काढल्याने अपाय नाही. आईच्या जिवाला स्वस्थता मिळते.

परंतु सर्वच समजुती इतक्या निरुपद्रवी नाहीत. लाओसमधून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग निर्वासितांपैकी अनेक लोक, बहुतेक तरुण पुरुष, १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून झोपेतच मरण पावले. हृदयातील काही आनुवंशिक दोष आणि छातीवर बसणाऱ्या पिशाच्चाचे जबर भय यांनी मिळून हा घात केला असावा, असे शेली ॲडलर या संशोधिकेचे प्रतिपादन आहे. परमुलखात त्या पिशाच्चाच्या शांतीचे विधी करता येत नाहीत, ही तळमळ त्या भयात मिसळलेली होती. आपल्याकडे भय भक्ताला मारीत नसेल, पण भगत त्याला मारतो. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. त्याच वर्षी, या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. रात्रीच्या भयाचा धंदा करणाऱ्यांपासून माणसाला सोडविणे हे किती कठीण कार्य आहे, हे त्यावरून उमगावे.

आता दुःस्वप्नाचा आणखी एक प्रकार, ज्याचे उत्तर भुतात नाही आणि स्नायूंच्या कुलपातही नाही. चंदीगड हे शहरच मुळी फाळणीतून जन्मले. लाहोर गेले, म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी होती. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी तिचे उद्घाटन केले. ल कॉर्ब्यूझिएने आखलेल्या या सरळ रस्त्यांवर पिंपळाखालचा जुना मुंजा कोठून असणार? तरीही येथे राहावयास आलेल्या अनेक कुटुंबांनी १९४७ चे रस्ते, गाड्या आणि आगी झोपेत पुनःपुन्हा पाहिल्या. पहिल्या महायुद्धातील सैनिक त्याच प्रसंगाचे स्वप्न वारंवार पाहतात, या गोष्टीने फ्रॉइडलाही १९२० साली आपला इच्छापूर्तीचा सिद्धांत पुन्हा तपासावयास लावले होते. पण आघातानंतरच्या या विकाराला वैद्यकाने अधिकृत नाव दिले ते १९८० साली. येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेची स्थापना १९६२ ची, आणि तिच्या मनोविकार विभागाचा पाया डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६३ मध्ये घातला. तोपर्यंत ती स्वप्ने पाहणाऱ्यांनी कितीतरी रात्री मुकाट्याने काढल्या होत्या. मुंजाला निदान नाव असते, त्याच्यासाठी पार असतो, नैवेद्य असतो. या स्वप्नांना नाव नव्हते, आणि म्हणून ती घरात कोणी कोणास सांगितली नाहीत.

आज अशा स्वप्नांवर एक साधा उपचार आहे. तज्ज्ञाच्या साह्याने दिवसा, जागेपणी, ते स्वप्न शब्दांत मांडावयाचे, त्याचा शेवट आपल्या मनाप्रमाणे बदलावयाचा, आणि बदललेले स्वप्न रोज काही मिनिटे मनात घोळवावयाचे. पुष्कळांना त्याने उतार पडतो. यातील पहिली पायरी, म्हणजे सांगणे, ही आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे. घरातील कोणी रात्री दचकून उठले, तर त्याला हसू नये आणि भगताकडेही नेऊ नये. छातीवर बसणारे काय आहे ते त्याला समजावून द्यावे. ते वारंवार होत असेल तर डॉक्टरांकडे जावे. कित्येकदा ताप, अपुरी झोप, मद्य किंवा एखादे औषधही त्याच्या मुळाशी असते. आणि घरातील वृद्ध मनुष्य तेच ते स्वप्न पुन्हा सांगू लागला, तर त्याच्याजवळ बसून ते अखेरपर्यंत ऐकून घ्यावे.